कोयता हाताला बेतून घ्यावा, धारेला म्यान शिवून घ्यावे

शेतीच्या औजारांत कोयत्याइतके स्वस्त आणि रोज हाती लागणारे औजार दुसरे क्वचितच असेल. ऊस तोडणे, केळीचा घड उतरविणे, नारळाच्या झावळ्या काढणे, शहाळे सोलणे, कुंपणाची झुडपे छाटणे, सरपण फोडणे ही सारी कामे कोयत्यावर चालतात. ऊस पट्ट्यात तोडणीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात आणि टोळीत किती कोयते आहेत यावर मुकादमाची उचल ठरते. माणसाची ओळखच ज्या औजारावरून व्हावी, त्या औजाराची निवड मात्र आपण फारशी विचार न करता करतो.

विद्युत पंप घेताना आपण अश्वशक्ती विचारतो, बैल घेताना दात पाहतो. कोयता घेताना फक्त किंमत पाहतो. बाजारातील ढिगातून एक उचलायचा आणि दुसऱ्या दिवशी कामाला लावायचा, ही आपली रीत. परंतु बाजारात मिळतो तो अर्धाच तयार झालेला कोयता असतो. उरलेला अर्धा आपल्या हाताच्या मापाने, आपल्या कामाच्या गरजेप्रमाणे आणि आपल्या गावातील कारागिरांच्या मदतीने पुरा करावा लागतो. तसे न केल्यास मनगट व खांदा भरून येतो, काम कमी उरकते आणि केव्हातरी घाव भलतीकडे बसतो. कोयत्याच्या जखमा काम करताना होतात, तशाच काम नसताना उघड्या धारेनेही होतात. म्हणून या लेखात कोयत्याचे पाते, धार व मूठ कशी बेतावी आणि त्यासाठी कातड्याचे म्यान कसे शिवावे याची माहिती दिली आहे.

कामाप्रमाणे कोयता

एकच कोयता सर्व कामांना चालतो हा समज बरोबर नाही. ऊस आणि केळी ही रसदार, मऊ गाभ्याची पिके आहेत. त्यांना पातळ पात्याचा, हलका कोयता लागतो. जाड पात्याने ऊस कापला जाण्याऐवजी फाटतो आणि बुडख्याला चिरा पडतात. उलट सरपण, बांबू किंवा जुन्या झुडपांची खोडे यांना जाड पाठीचा, वजनदार कोयता हवा. येथे पातळ पाते वापरल्यास धार दुमडते किंवा तिचा तुकडा उडतो. गवत व भात कापणीसाठी कोयता वापरूच नये. त्या कामाला वैभव विळ्यासारखे दातेरी विळे अधिक सोयीचे आहेत.

वजनाचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा. समजा एक मजूर दिवसभरात ३,००० घाव घालतो. कोयत्याचे वजन गरजेपेक्षा फक्त १०० ग्रॅम जास्त असेल, तरी संध्याकाळपर्यंत त्याने ३०० किलो वजन विनाकारण उचललेले असते. म्हणून हलक्या कामाला हलका कोयता हा नियम पाळावा.

वजनाइतकाच तोलही महत्त्वाचा आहे. कोयता एका बोटावर आडवा ठेवून तो कोठे तोलतो ते पाहावे. तोलाचा बिंदू मुठीच्या जवळ असेल तर कोयता हाताला हलका लागतो व नेमका चालतो. तो टोकाकडे सरकलेला असेल तर घाव जोरात बसतो, पण मनगटावर ताण येतो. फोडण्या-तोडण्याच्या कामाला टोकाकडे तोल आणि दिवसभराच्या छाटणीला मुठीकडे तोल असावा. टोकाकडे जड असलेल्या पात्याची पाठ लोहाराकडून थोडी घासून घेतल्यास तोल मागे आणता येतो.

पाते पारखून घ्यावे

खेड्यातील लोहार बहुधा मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता घडवितात. हे पोलाद कोयत्यासाठी चांगले असते, कारण त्यात धार टिकण्याइतका कर्ब असतो आणि लवचिकपणाही असतो. मात्र जुन्या पाट्यात बारीक भेगा असू शकतात. त्यासाठी पाते दोरीला टांगून त्यावर लहान हातोडीने हलके टिचकावे. स्वच्छ, लांबत जाणारा नाद आला तर पाते निर्दोष समजावे. बद्द आवाज आला तर ते घेऊ नये.

दुसरी पारख कानशीची. धारेवर कानस हलकेच फिरवावी. कानस काचेवरून सरकावी तशी सरकली, तर धार फार कडक आहे व दगडावर आपटताच तिचे दात पडतील. कानस लोण्यात शिरावी तशी सहज लागली, तर पोलाद मऊ आहे व धार टिकणार नाही. थोडा जोर दिल्यावर कानस लागते ते पाते योग्य होय.

पाते नव्याने घडवून घेत असल्यास पाणी देण्याच्या कामाकडे लक्ष द्यावे, कारण कोयत्याचा खरा कस तेथेच लागतो. पोलाद साधारण ७७० अंश सेल्सिअसला तापले की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. त्याहून थोडेसेच अधिक तापवून धारेचा भाग बुडवावयाचा असतो. कमानपाट्याचे पोलाद पाण्याऐवजी तेलात बुडवावे. पाण्यात ते एकदम थंड होऊन तडकण्याची भीती असते. बुडविल्यानंतर पाते काचेसारखे ठिसूळ झालेले असते, म्हणून ते घासून चकचकीत करून पुन्हा मंद आचेवर तापवितात. तेव्हा पात्यावर रंग चढू लागतात. प्रथम फिक्कट पिवळा (सुमारे २३० अंश), मग तपकिरी (सुमारे २६० अंश), त्यानंतर जांभळा (सुमारे २८० अंश) आणि शेवटी निळा (सुमारे ३०० अंश). कोयत्याच्या धारेवर जांभळा रंग आणि पाठीवर निळा रंग आला की काम थांबवावे. धार कडक आणि पाठ चिवट असे पाते फटका सोसते. जाणता लोहार हे रंग नीट ओळखतो. घाई न करता त्याला तेवढा वेळ द्यावा आणि कामाचे योग्य दामही द्यावेत.

धार किती कोनाची असावी

धार जितकी बारीक तितकी चांगली असे अनेकांना वाटते. वस्तुतः धारेचा कोन कामावर अवलंबून असतो. ऊस, केळी व हिरव्या फांद्यांसाठी प्रत्येक बाजूने सुमारे १५ अंश आणि लाकूड, बांबू व नारळासाठी २० ते २५ अंश कोन ठेवावा.

कोन मोजण्यासाठी यंत्राची गरज नाही. निसण्यावर पाते आडवे ठेवून त्याची पाठ किती उचलली यावर कोन ठरतो. पात्याच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याइतकी पाठ उचलली की सुमारे १५ अंश आणि तिसऱ्या हिश्श्याइतकी उचलली की सुमारे २० अंश कोन होतो. उदाहरणार्थ, पाते ६ सेंमी रुंद असेल तर ऊसतोडीसाठी पाठ दीड सेंमी आणि लाकडासाठी २ सेंमी उचलावी. त्या जाडीची लाकडी चीप पाठीखाली धरून सराव केल्यास काही दिवसांत हाताला कोन बसतो.

विजेच्या सहाणेवर धार लावताना मोठी काळजी घ्यावी. ठिणग्या उडत असताना धारेवर निळा रंग दिसला, तर त्या जागेचे पाणी उतरले असे समजावे. ती जागा पुढे लवकर बोथट होत राहते. म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पाते पाण्यात बुडवावे व शेवटची धार हाताने निसण्यावरच लावावी. कामावर असताना दर तासा-दोन तासांनी निसणा फिरवून घ्यावा. बोथट कोयत्याला जोर जास्त लावावा लागतो, तो घसरतो आणि जखम करतो.

धारेच्या बाबतीत आणखी एक सुधारणा करून घ्यावी. मुठीलगतची ४ ते ५ सेंमी धार कानशीने मुद्दाम बोथट करावी. तेथे कापण्याचे काम क्वचितच होते, परंतु घामाने हात पुढे घसरला तर बोट नेमके तेथेच जाते.

मूठ हाताच्या मापाची असावी

बाजारातील कोयत्यांच्या मुठी एकाच मापाच्या असतात. हात मात्र प्रत्येकाचे वेगळे असतात. स्त्रियांचा पंजा पुरुषांच्या पंज्यापेक्षा लहान असतो, तरीही ऊसतोडीत व बागेत त्या पुरुषांसाठी केलेलेच कोयते वापरतात. जाड मूठ घट्ट धरण्यासाठी बोटांना सतत जोर लावावा लागतो. त्यामुळे पंजा आखडतो, पकड सैल पडते आणि कोयता हातात फिरतो. त्यामुळे घरात दोन माणसे काम करणारी असतील तर दोन मापांचे कोयते असावेत.

१. जाडी : मूठ धरल्यावर अंगठ्याचे टोक मधल्या बोटाच्या टोकाला टेकले पाहिजे. बोटांची टोके तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. अंगठा व बोट यांत अंतर राहत असेल तर मूठ जाड आहे. साधारणपणे पुरुषांना ३ ते ४ सेंमी आणि स्त्रियांना ३ सेंमीच्या आसपास जाडीची मूठ सोयीची पडते.

२. लांबी : पंज्याच्या रुंदीपेक्षा मूठ २ ते ३ सेंमी जास्त लांब असावी. म्हणजे बहुतेकांना ११ ते १२ सेंमी पुरते. आखूड मुठीचे टोक तळहातात टोचते व तेथे घट्टे पडतात.

३. आकार : मूठ गोल नसावी, अंडाकृती असावी. अंडाकृतीची लांब बाजू धारेच्या रेषेत ठेवावी. अशी मूठ हातात फिरत नाही आणि न पाहताही धार कोणत्या बाजूला आहे हे हाताला कळते. मुठीचा शेवट थोडा फुगीर ठेवल्यास घाम आला तरी कोयता हातातून निसटत नाही.

४. लाकूड : बाभूळ, खैर किंवा शिसव यांचे पूर्ण वाळलेले लाकूड घ्यावे. लाकडाची नस मुठीच्या लांबीत सरळ गेलेली असावी. ओल्या लाकडाची मूठ उन्हाळ्यात आकसून सैल होते.

५. जोडणी : पात्याची मुठीत शिरणारी शेपटी मुठीच्या किमान तीन चतुर्थांश लांबीपर्यंत गेलेली असावी. लाख वितळवून शेपटी पक्की बसविण्याची जुनी पद्धत चांगली आहे. तिच्या जोडीला आरपार एक रिबिट आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे असावे. घाव घालताना पाते मुठीतून सुटून उडाले तर समोरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

मुठीवर चिंधी किंवा सायकलची ट्यूब गुंडाळण्याची सवय पुष्कळांना आहे. तिच्याखाली लाकडाची चीर दिसत नाही, तसेच पाणी साचून शेपटी गंजते. त्याऐवजी मूठ पॉलिश कागदाने गुळगुळीत करून तिला जवसाचे तेल दोन-तीन वेळा चोळावे. प्रत्येक वेळी तेल पूर्ण मुरू व वाळू द्यावे.

ऊसतोडीच्या कोयत्यात मुठीचा कलही पाहावा. उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर सर्वाधिक असते. शिवाय जमिनीलगत तोडलेल्या उसाचा खोडवा चांगला फुटतो. मूठ पात्याच्या सरळ रेषेत असेल तर जमिनीलगत घाव घालताना बोटे मातीवर घासतात. त्यामुळे मजूर नकळत उंच तोडतो आणि बुडखे शेतात राहतात. लोहाराकडून शेपटीला थोडा वरच्या बाजूस बाक देऊन घेतल्यास हात जमिनीपासून वर राहतो व पाते खाली आडवे जाते. मनगट वाकविण्यापेक्षा औजार वाकवावे, हे सूत्र लक्षात ठेवावे.

आकडी आणि म्यान

कोकणात कमरेला मागच्या बाजूस आकडी बांधून तीत कोयता अडकविण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. नारळ-पोफळीवर चढणाऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात आणि वर गेल्यावर एका हाताने कोयता काढावा लागतो. त्या कामाला आकडी सोयीची आहे. परंतु आकडीत धार उघडी राहते. झाडावरून उतरल्यावर तोच उघडा कोयता घेऊन माणूस बांधावरून चालतो, मोटारसायकलवर बसतो, गर्दीच्या गाडीत चढतो आणि घरी आल्यावर तो कोपऱ्यात टेकवून ठेवतो. घसरून पडणे, लहान मुलाचा हात लागणे असे अपघात अशा वेळी घडतात. म्हणून झाडावर आकडी आणि वाटेवर, वाहनावर व घरात म्यान अशी सवय लावून घ्यावी.

पुढे वाकलेल्या पात्याला म्यान कसे करावे, हा प्रश्न इतर प्रदेशांतील लोकांनीही आपापल्या परीने सोडविला आहे. कर्नाटकातील कोडगू भागात रुंद, वाकडी ओडिकत्ती कमरेमागे 'तोडंग' नावाच्या धातूच्या पकडीत अडकवितात. ही आपल्या आकडीचीच बहीण म्हणावी लागेल. नेपाळी खुकरीला लाकडाच्या दोन फाका जोडून त्यावर कातडे मढविलेले म्यान असते. आपला कोयता त्याहून रुंद व टोकाशी अधिक वाकडा असल्याने नळीसारख्या म्यानात तो शिरत नाही. त्याला पाठीच्या बाजूने उघडे असलेले, पाकिटासारखे म्यान करावे लागते.

कातड्याची निवड

म्यानासाठी झाडाच्या सालीने कमावलेले कातडे घ्यावे. कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले कातडे वापरतात. या चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे कातडे या कामाला उत्तम असते. ते ओले असताना हवा तो आकार घेते आणि वाळल्यावर त्या आकारात ताठ राहते. क्रोमने कमावलेले मऊ कातडे पिशव्यांना चांगले असते, पण म्यानाला चालत नाही. ते आकार धरत नाही व त्यातील क्षारांमुळे पाते लवकर गंजते. ओळखण्यासाठी कातड्याची कापलेली कड पाहावी. सालीने कमावलेले कातडे आतपर्यंत तपकिरी असते. क्रोमच्या कातड्याच्या आत निळसर किंवा राखाडी छटा दिसते. जाडी ३ ते ४ मि.मी. असावी. म्हशीचे कातडे यासाठी पुरेसे जाड व टिकाऊ असते.

म्यान शिवण्याची रीत

हे काम गावातील चर्मकार कारागिराकडून करून घ्यावे किंवा त्याच्याकडून आरी व रापी चालविणे शिकून घरी करावे. टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. नमुना : जाड कागदावर कोयता आडवा ठेवून पात्याची रेषा आखावी. धारेच्या व टोकाच्या बाजूस २ सेंमी आणि पाठीच्या बाजूस अर्धा सेंमी जागा जास्त धरून कागद कापावा. कागदी म्यान करून कोयता आत घालून व काढून पाहावा. कागदावर चूक सुधारणे फुकट असते, कातड्यावर नाही.

२. कापणी : नमुन्याप्रमाणे कातड्याचे दोन तुकडे कापावेत. दुसरा तुकडा नमुना उलटा ठेवून कापावा, म्हणजे दोन्हींची गुळगुळीत बाजू बाहेर येते.

३. मधली पट्टी : म्यानाचा प्राण म्हणजे ही पट्टी. त्याच कातड्याची दीड सेंमी रुंद पट्टी धारेच्या व टोकाच्या कडेने दोन तुकड्यांच्या मध्ये बसवावी. पात्याची धार या पट्टीवर टेकते, टाक्यांवर टेकत नाही. पट्टी नसलेल्या म्यानात धार हळूहळू टाके कापते आणि एके दिवशी म्यान उसवून कोयता बाहेर येतो.

४. शिवण : तिन्ही थर डिंकाने किंवा चिकट द्रावणाने जोडून वाळू द्यावेत. कडेपासून ५ मि.मी. आत रेषा आखून तीवर ६ मि.मी. अंतराने आरीने भोके पाडावीत. मेण लावलेला जाड नायलॉनचा दोरा घेऊन दोन सुयांनी शिवावे. प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक सुई ओवावी. अशा शिवणीत एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. मुठीकडील टोकाला व पात्याच्या टोकाशी तांब्याचे एकेक रिबिट ठोकावे.

५. पट्टे व अडकवण : पाठीकडील उघड्या बाजूवर दोन आडवे पट्टे बसवावेत, एक मुठीजवळ व दुसरा पात्याच्या मध्यावर. त्यांना दाबाचे बटण किंवा बक्कल लावावी. बटणाची धातूची बाजू पात्यावर घासणार नाही असे पाहावे. मागच्या बाजूला कमरपट्टा ओवण्यासाठी रुंद अडकवण शिवावी.

६. आकार देणे : शिवून झालेले म्यान कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटे बुडवावे. पाणी कढत नसावे. कढत पाण्याने कातडे आकसते व ठिसूळ होते. पाते तेल लावून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळावे व म्यानात बसवून बाहेरून बोटांनी दाबावे. कातडे पात्याचा आकार घेईल. नंतर कोयता काढून म्यान दोन दिवस सावलीत वाळवावे. चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये.

७. शेवटचा हात : टोकाशी पाणी निथळण्यासाठी एक बारीक भोक ठेवावे. मधमाशांचे मेण व खोबरेल तेल एकत्र गरम करून त्याचा पातळ लेप बाहेरून चोळावा. लेप जास्त झाल्यास कातडे मऊ पडून आकार सोडते.

कोयता म्यानात ठेवताना प्रथम धार पट्टीला टेकवावी, मग पट्टे लावावेत. म्यान हातात धरताना बोटे नेहमी पाठीच्या बाजूस असावीत. धारेच्या बाजूने मूठ वळून म्यान कधीही धरू नये, कारण शिवण सैल झाली असेल तर धार थेट बोटांवर येते. कातड्याचा खर्च शक्य नसल्यास सायकलच्या जुन्या टायरचा धारेच्या लांबीइतका तुकडा धारेवर चढवून दोन ठिकाणी दोरीने बांधावा. तो म्यानाइतका टिकाऊ नाही, पण उघड्या धारेपेक्षा कितीतरी बरा.

पावसाळ्यातील निगा

म्यान हे कोयता नेण्या-आणण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही. कातड्यात ओल धरून राहते आणि सालीतील टॅनिनमुळे पात्यावर काळे डाग पडतात. म्हणून काम संपताच पाते धुवावे, पुसावे, कोरडे करावे व खोबरेल तेलाचा हात फिरवावा. पावसाळ्यात कोयता व म्यान उंच जागी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे वेगवेगळे टांगावेत. त्या वेळी धारेवर टायरचा तुकडा असू द्यावा. म्यानावर बुरशी आल्यास कोरड्या फडक्याने पुसून वारा द्यावा. केळीचा चीक व काजूचे तेल पात्यावर वाळू देऊ नये.

औजारातून पसरणारे रोग

काही रोग कोयत्यामार्फत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. उसातील खोडवा खुजा हा जिवाणूजन्य रोग बेणे तोडण्याच्या कोयत्याने पसरतो. डाळिंबावरील तेल्या रोगाचे जिवाणूही छाटणीच्या औजारांतून पसरतात. बेणे तोडताना किंवा रोगट बागेत काम करताना पाते १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून मगच पुढे जावे. या द्रावणाने लोखंड गंजते, म्हणून काम संपल्यावर पाते स्वच्छ पाण्याने धुऊन तेल लावावे. रस लागलेले पाते तसेच म्यानात घातल्यास म्यान रोगाचे घर बनते आणि धुतलेल्या कोयत्यालाही पुन्हा लागण करते. म्हणून बेण्यासाठी वेगळा कोयता ठेवणे उत्तम.

काम करताना आणि जखम झाल्यास

दोन कोयते चालणाऱ्यांमध्ये हात व कोयता मिळून होणाऱ्या लांबीच्या दुपटीहून अधिक अंतर असावे. ज्या हाताने ऊस किंवा फांदी धरली आहे, तो हात घावाच्या वाटेच्या वर असावा. कोयता हातातून निसटल्यास तो झेलण्याचा प्रयत्न करू नये, पाय मागे घेऊन तो पडू द्यावा.

जखम झाल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, चुना, माती किंवा तंबाखू भरू नये. बोट वाकविता किंवा सरळ करता येत नसेल, तर जखम लहान दिसली तरी आतील शीर किंवा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बोट तुटून पडल्यास ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फावर ठेवून ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. बोट थेट बर्फात ठेवू नये. कोणत्याही जखमेनंतर धनुर्वाताच्या लसीबाबत विचारावे.

कायद्याविषयी थोडेसे

शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात. त्यातून घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनविलेली औजारे वगळलेली आहेत. कोयता हे शेतीचे औजार असले, तरी गेल्या काही वर्षांत शहरांत कोयत्याने झालेल्या गुन्ह्यांमुळे पोलीस त्याकडे संशयाने पाहतात. म्हणून तो म्यानात घालून, इतर औजारांबरोबर बांधून, कामापुरताच न्यावा. बाजारात, जत्रेत किंवा मिरवणुकीत तो कमरेला लावून फिरू नये.

खंडेनवमीला करावयाची तपासणी

नवरात्रात खंडेनवमीला आपण औजारे धुऊन त्यांची पूजा करतो. त्यानंतर लवकरच ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. पूजेपूर्वी प्रत्येक कोयत्याची पुढीलप्रमाणे तपासणी करावी :

(१) पाते टिचकल्यावर स्वच्छ नाद येतो का?
(२) मूठ हलते का? तिला चीर आहे का?
(३) अंगठा मधल्या बोटाला टेकतो का?
(४) मुठीलगतची धार बोथट केली आहे का?
(५) धारेचा कोन पुढील कामाला योग्य आहे का?
(६) म्यानाची मधली पट्टी धारेने कापली गेली आहे का?
(७) घरातील प्रत्येक काम करणाऱ्या स्त्री-पुरुषाच्या मापाचा कोयता आहे का?

ज्या कोयत्याबाबत उत्तर समाधानकारक नसेल, तो बाजूला काढून लोहार, सुतार किंवा चर्मकार बांधवांकडे द्यावा. टोळीतील मजूर आपलेच कोयते घेऊन येतात. त्यांच्या कोयत्यांचीही पहिल्या दिवशी पाहणी करून सैल मूठ बदलून देणे हे शेतमालकाच्या हिताचेच आहे. एका कोयत्यावर एका दिवसाची मेहनत आणि थोडा खर्च होतो. त्या बदल्यात हंगामभर हात शाबूत राहतो, काम नीट होते आणि बुडख्यातील साखर शेतात न राहता कारखान्यात जाते. शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या हंगामापासून धार एकतर कामावर किंवा म्यानात, ही शिस्त घरातील लहान-थोरांना लावावी.